चढाला लागलेलं तेल

सोमवार, ७ नोव्हेंबर

पोचले एकदाची, आणि चक्क खूश आहे. या नोकरीत मी गोदामात राहिले आहे, सुट्टीतल्या शाळेत बाकं जोडून झोपले आहे, एकदा तर बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या तिकीटघरात मुक्काम ठोकला होता. त्यामानाने ही माडीवरची खोली म्हणजे राजेशाही थाट. दोन खिडक्या, टेबल, नळाला पाणी, आणि कपाटाचं दार ढकलल्याबरोबर लागतं.

घर एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंचं. त्यांना काकू म्हणायचं, हे त्यांनी दारातच ठरवून टाकलं. उभा जन्म कानाला फोन लावून गेल्यामुळे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं जोडून द्यायची त्यांना सवय आहे. मला सकाळी लवकर, एवढंच मी म्हटलं, तर चहा तयार असेल, असं उत्तर आलं. घरात त्या आणि त्यांची सून. मुलगा जहाजावर, इंजिनखोलीत मेकॅनिक. काकू त्याला थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा रागाने "कप्तान" म्हणतात, कारण वर्षातला मोठा भाग तो पाण्यावरच असतो. सुनेला सातवा महिना लागलाय. दूधवाल्यापासून सगळे तिला सूनबाईच म्हणतात, म्हणून मीही तेच धरलं. गोल चेहऱ्याची, हसरी मुलगी. माझी बॅग उचलायला धावली आणि सासूचं नुसतं "अगं" ऐकून जागच्या जागी थांबली.

मागची खिडकी उघडली की कुंपणाची भिंत, आणि भिंतीपलीकडे माझं काम. बंद झालेला बसडेपो. फुटलेली काँक्रीटची फरशी, गंजलेलं छप्पर, आणि जमिनीखाली डिझेलच्या तीन टाक्या. त्यातली एक कधीपासून गळत होती, ते कुणालाच सांगता येत नाही. इथे आता मुलांसाठी बाग व्हायची आहे. त्याआधी तेल मातीत किती खोल उतरलं, खालच्या पाण्यावर किती लांब पसरलं, हे मोजून मला नकाशा काढून द्यायचा आहे. काम ओळखीचं आहे आणि माणसं चांगली आहेत. खिडकीतून थोडा वास येतो, पण तो मला आता घरच्यासारखाच झाला आहे.

गुरुवार, १० नोव्हेंबर

भोकं पाडायला सुरुवात. यंत्रावरचे मिस्त्री पन्नाशीचे, अंगाने वाळकुडे, बोलायला गमतीदार. धंदा विचारला की सरळ "भोकवाले" सांगतात. गल्लीतही आता त्यांचं तेच नाव पडलंय आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

टाकीजवळच्या पहिल्या भोकातून माती आली ती वर पिवळी, मग करडी, आणि पाण्याच्या जवळ निळसर काळी, हाताला साबणासारखी लागणारी. डिझेल पाण्यापेक्षा हलकं. मातीतून झिरपत खालच्या पाण्यापर्यंत जातं आणि त्याच्यावर तरंगत बसतं. आम्ही भोकात बारीक फटींची नळी उभी करतो, म्हणजे झाली आमची चिमुकली विहीर. तिच्यात फीत सोडायची. फितीच्या टोकाला तेल लागलं की ती सलग वाजते, पाणी लागलं की तुटक टिकटिकते. सलग आवाज जिथे संपतो, तिथे तेलाचा थर संपला. मग पारदर्शक नळीने नमुना वर काढायचा. वर तांबूस तेल, खाली पाणी, आणि मधे पट्टीने आखल्यासारखी आडवी रेघ. नळी कशीही तिरकी करा, रेघ आडवीच राहते. इतकी वर्षं झाली, ती रेघ बघायला मला अजून आवडतं.

उतार मोजून झाला. जमिनीखालचं पाणी नाल्याकडे वाहतं, म्हणजे घरांच्या बरोबर उलट दिशेला. काकूंच्या अंगणात बोअर आहे आणि घर त्याचंच पाणी पितं, म्हणून मी आधी तेच तपासलं. स्वच्छ. तुम्ही चढावर आहात, पाणी उताराला जातं आणि तेल त्याच्या पाठीवर बसून त्याच्याबरोबर जातं, असं मी काकूंना समजावलं. त्या म्हणाल्या, हे त्यांना एका वाक्यात कळलं असतं, मी तीन वापरली.

शनिवार, १२ नोव्हेंबर

भिंतीला एक जुनं लोखंडी दार आहे, पूर्वी डेपोतली माणसं अंगणातून पाणी न्यायची तेव्हाचं. आज मातीचे नमुने पिशव्यांत भरत होते तर त्या दारातून सूनबाई आत आली. उगीच इकडचं तिकडचं बोलली, आणि मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाली, "ताई, एकदाच वास घेऊ द्या ना."

मला हसूच आलं. डोहाळे कसलेही लागतात, कुणाला खडू, कुणाला कोळसा. ही म्हणाली, नवरा घरी येतो तेव्हा त्याच्या कपड्यांना हाच वास असतो. मी तिला बाहेर पिटाळलं, हे पोटातल्या बाळाला चांगलं नाही म्हणून. ती गेली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात खरं काय ते सांगितलं. तिचं आधीचं बाळ पोटातच गेलं होतं. हेही फार शांत आहे. डॉक्टरीणबाईंनी हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितलंय आणि ती दिवसभर पोटावर हात ठेवून वाट बघत बसते. घरात काही होत नाही. पण दुपारी खिडकीतून हा वास आला की बाळ हलतं.

तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. टाच होती की कोपर, देव जाणे, पण चांगला दणका बसला. तिचे डोळे भरून आले. माझाही जीव हरखला, खोटं कशाला लिहू.

तरी मी दाराला कुलूप घातलं.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

आज मापांनी डोकं खाल्लं. टाकीजवळच्या विहिरीत आधी हातभर तेल होतं, ते वीतभरच उरलंय. नाल्याकडच्या विहिरींत ते जायला हवं होतं. तिथे काहीच नाही. आणि भिंतीलगतची विहीर, जी चढावर आहे, जी मी केवळ तुलनेसाठी घेतली होती आणि स्वच्छ लागली होती, तिच्यात फीत क्षणभर सलग वाजली.

भोकवाल्यांना वाटलं, एका भोकातली घाण हत्याराबरोबर दुसऱ्यात गेली असेल. फीत धुतली, पुन्हा सोडली. पुन्हा वाजली. मग मी पाण्याचा उतार नव्याने मोजला. उतार होता तिथेच आहे, नाल्याकडे. पाणी खाली चाललंय आणि त्याच्यावरचं तेल वर. भोकवाले टोपी मागे सारून म्हणाले, तेल चढाला लागलेलं त्यांनी तरी पाहिलं नव्हतं.

ऑफिसात आमच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, झोप काढ आणि पुन्हा मोज.

शनिवार, १९ नोव्हेंबर

पुन्हा मोजलं. प्रयोगशाळेचा निकालही आला, आणि तो माझ्याच बाजूने आहे, दुर्दैवाने.

नकाशावर तेलाचा डाग आधी पसरट होता, सांडलेल्या चहासारखा. आता तो सगळीकडून आक्रसून एकाच बाजूने लांब झाला आहे. त्याचं टोक भिंतीखालून अंगणात शिरलं आहे. बरोबर कुठे रोखलंय ते बघायला मी नकाशावर पट्टी ठेवली. ती तळमजल्यावरच्या मागच्या खोलीवरून गेली. सूनबाई दुपारी तिथे पडते.

मी काकूंना बोअर बंद करायला सांगितलं. का, ते सांगताना माझी जीभ अडखळली, कारण दहा दिवसांपूर्वी मीच उलट सांगून बसले होते. काकू चिडल्या नाहीत. पंपाची वायर स्वतः काढून कपाटात ठेवली आणि नगरपालिकेचा टँकर मागवला. सूनबाईला बहिणीकडे पाठवायचं ठरलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला घर आहे, नळाचं पाणी आहे, हवा मोकळी आहे. तिने एका शब्दाने विरोध केला नाही. फक्त जाताना माडीवर येऊन माझ्या खिडकीशी बराच वेळ उभी राहिली.

सोमवार, २१ नोव्हेंबर

ती नाही तर घर ओकंबोकं वाटतं. काकू रोज फोन करून तिला काय खाल्लं, किती झोपली विचारतात आणि उत्तर यायच्या आत स्वतःच देतात.

भिंतीलगतच्या विहिरीत तेल नाही. अंगणातही नाही. दोन दिवसांत सगळं माघारी गेलं. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. फाटकाजवळ, रस्त्याच्या बाजूला, एक विहीर आहे, पहिल्या दिवसापासून तेलाचा मागमूस नसलेली. आज फीत तिच्यात शिरली आणि वाजतच राहिली.

पुन्हा पट्टी ठेवली. या वेळी शहराच्या नकाशावर. ती दोनदा उचलून नव्याने लावली. बहिणीचं घर त्या रेघेवर आहे.

योगायोग असेल. रस्त्याखाली जुनी गटारवाहिनी असेल, तिच्या कडेने तेलाला वाट मिळाली असेल. अहवालात हेच लिहीन. लिहिता येण्यासारखं दुसरं काही नाहीच.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

सूनबाई परत आली. बहिणीच्या घरी बाळ हललंच नाही. चार दिवस तिने कळ काढली, पाचव्या दिवशी भेदरून डॉक्टरीणबाईंकडे गेली. ठोके होते, पण मंद. तिथून ती कुणाला न विचारता सरळ रिक्षा करून इथे आली. दारात पाऊल ठेवलं आणि तिने पोट धरलं. वेदनेने नव्हे, आनंदाने. काकू तिला जवळ घेऊन तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

आता या दोघींना मी काय सांगू? की इथून जा? कुठल्या तोंडाने?

तेल भिंतीशी आलं आहे. मोजलं नाही. वासावरून कळतं.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

ठरवलं की भिंतीच्या आत एक रुंद भोक पाडायचं आणि तेल घराखाली जायच्या आधी तिथूनच उपसायचं. रीतसर उपाय आहे, कितीदा केलाय.

यंत्र नीट खाली जात होतं. पाण्याच्या जरा वर दांडी थांबली. दगड असेल म्हणून भोकवाल्यांनी उलटी फिरवली. फिरेना. वर ओढली. येईना. मग आमच्या डोळ्यांसमोर दांडी हळूहळू खाली जाऊ लागली, यंत्र बंद असताना. यंत्राचे पाय फरशीत रुतले, फरशी तडकली. भोकवाल्यांनी दोन्ही हातांनी दांडीला मिठी मारली होती. मी ओरडत होते की सोडा, सोडा. तेवढ्यात भिंतीपलीकडून सूनबाईने हाक दिली, चहा झालाय म्हणून.

दांडी सुटली. एकदम, झटका देऊन. भोकवाले पाठीवर आपटले.

दांडी वर काढली तर तिला लागलेलं तेल ऊन होतं. उन्हाने तापतं तसं नव्हे. अंगाला असते तेवढी ऊब.

भोकवाले उठून बसले. मग हात पुसत पुसत म्हणाले, "मॅडम, दगड अडवतो. धरत नाही. खालून धरलं होतं, आणि पोरीचा आवाज ऐकून सोडलं."

मी म्हटलं, डिझेल आहे हो ते, डिझेल. ते म्हणाले, डिझेल तरी काय, जिवंत होतं तेच गाडलं गेलेलं. हसण्यावारी नेत म्हणाले, पण हसले नाहीत. संध्याकाळच्या आत यंत्र गाडीवर चढवून निघून गेले. जाताना काकूंना भेटले आणि सुनेला इथून हलवा एवढंच सांगितलं.

शनिवार, २६ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंकडे तपासणी होती. काकूंचे गुडघे दुखत होते म्हणून सूनबाईबरोबर मी गेले.

ठोके उत्तम. बाळाचं वजनही एकाएकी वाढलंय. डॉक्टरीणबाई खूश होत्या, पडद्याकडे बघत गप्पा मारत होत्या. मग त्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी पडदा पुसला, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. म्हणाल्या की पाण्याच्या पिशवीत एक रेघ दिसते आहे, काय आहे कळत नाही, यंत्राचा दोष असावा. सूनबाईला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. मग उजव्या.

मला कळत होतं काय आहे. बाळाभोवतीच्या पाण्यात आडवी, सरळ रेघ. ती कुशीवर वळली की रेघ हलायची, डुचमळायची आणि पुन्हा आडवी व्हायची. खाली एक, वर दुसरं. बाळ वरच्या भागात होतं. तिथे पाय झाडत होतं.

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या शहरातल्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथलं यंत्र चांगलं आहे, म्हणाल्या.

परतताना सूनबाई रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिच्या केसांना वास होता. मी खिडकीबाहेर तोंड काढून बसले आणि मला त्याची लाज वाटली.

रविवार, २७ नोव्हेंबर

दुपार. काकू आत पडल्या होत्या. अंगणात पाणी पडल्याचा आवाज आला म्हणून खाली गेले.

बोअरचं झाकण उघडं. सूनबाई मांडी घालून शेजारी बसलेली. ओंजळ तोंडाशी. पंपाला वायर नाही, बोअर खोल आहे, तरी तेल काठापर्यंत आलं होतं. काठाशी येऊन थांबलं होतं, मांजर दाराशी थांबतं तसं.

मी तिला मागे ओढलं. ती रागावली नाही. तिला दुखत नव्हतं, मळमळत नव्हतं. म्हणाली, "ताई, मला माहितीये हे बरोबर नाही. पण तुम्ही सांगा, मी प्यायले नाही आणि ते हलायचं थांबलं, तर?"

मी बोअरचं झाकण ओढून बसवलं.

तिला उठवताना माझ्या खांद्यावरची फीत घसरली. तिने ती झेलली. फितीचं टोक तिच्या घामेजल्या तळव्यात होतं.

घाम म्हणजे पाणी. टिकटिकायला हवं होतं.

सलग वाजत राहिली. तिने मूठ उघडेपर्यंत.

सोमवार, २८ नोव्हेंबर

काकूंना सगळं सांगितलं. मधे एकदाही बोलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच असावं. मग उठून कप्तानला फोन लावला. लागला, हेच नशीब. तो तिकडून रडत होता, काकू इकडून त्याला दटावत होत्या. उद्या मोठ्या इस्पितळात न्यायचं. सर गाडी पाठवतात. मी बरोबर.

तिथे डॉक्टर बाळ बाहेर काढतील. काचेच्या पेटीत ठेवतील. लहान असलं तरी जगतात अशी. हे मी सूनबाईला सांगितलं आणि स्वतःलाही.

तिने माझ्याकडून वचन मागितलं: वाटेत बाळाचं हलणं थांबलं तर गाडी मागे फिरवायची.

मी दिलं नाही. म्हटलं, बघू.

भिंतीला तडा गेलाय. तळाशी ओल आहे. आज मोजायला गेले नाही, आणि जाणारही नाही—

मंगळवार, २९ नोव्हेंबर

गाडीत. तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगावं लागेल, म्हणून जमेल तसं लिहून ठेवते. अक्षर वेडंवाकडं येतंय.

निघताना फाटकापाशी फरशी फुगली होती. गाडी तिच्यावरून गेली तेव्हा खालून मऊ लागलं. ड्रायव्हरदादांनी मला विचारलं की काय होतं ते. मी काही नाही म्हटलं.

काकू आणि सूनबाई मागे. मी पुढे. सूनबाई पोटावर हात ठेवून आहे. हलतंय, असं मान डोलावून सांगते.

—

शहर सुटलं. ती आता मान डोलावत नाही.

—

हलत नाहीये. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवतायत. नामजप चाललाय की जुने फोननंबर म्हणतायत, ओठांवरून कळत नाही. सूनबाई रडत नाही. नुसती माझ्या मानेकडे बघते आहे, मला मागे न वळता कळतंय.

आता तिने म्हटलं. मागे फिरा.

मी नाही म्हटलं.

पुन्हा म्हटलं तिने. काकूसुद्धा म्हणाल्या. पहिलं असंच गेलं, एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज—

मी ड्रायव्हरदादांना म्हटलं, पुढे घ्या.

माझं चुकत असेल. चुकत असेल तर एक बाळ माझ्यामुळे—

पण मागे नेलं तर काय जन्माला येणार आहे, ते मी पडद्यावर पाहिलंय. नाही, पाहिलं नाही. बाळच पाहिलं. हात होते, पाय होते, नाक होतं. साधं बाळ.

—

सूनबाईने डोळे मिटलेत. तिचा चेहरा मातीसारखा झालाय. इस्पितळ अजून दूर आहे. देवा, हलू दे. कशाने का होईना, हलू दे.

—

गाडी वळली. मला वाटलं, आलं इस्पितळ.

पेट्रोलपंप आहे. ड्रायव्हरदादा म्हणाले, तेल संपत आलंय, भरून घेतो, दोन मिनिटं. गाडी डिझेलची. मला हे कसं सुचलं नाही? सगळं मोजलं मी, आणि हे—

हललं.

सूनबाई किंचाळून हसली. माझा हात मागे ओढून पोटावर ठेवला. हललं, खरंच हललं, जोरात. काकू रडतायत. मीही. जिवंत आहे.

—

ती उतरली. मी दार धरेपर्यंत उतरली. अनवाणी. काकू मागून हाका मारतायत. पंपावरचा माणूस तिला बाजूला व्हायला सांगतोय, आणि आता तो तिच्याकडे बघत नाहीये. खाली बघतोय.

फरशीत लोखंडी झाकणं आहेत. खालच्या टाक्यांची. त्यातलं एक हललं. तो ते पायाने दाबतोय—

तेही वर येतंय आणि शेजारचंही. रांगेत गाड्या उभ्या आहेत. लोकांना अजून कळलेलं नाही. कुणीतरी हॉर्न वाजवतंय.

ती झाकणांच्या मधोमध बसली. कळा सुरू झाल्यात. तिला भीती वाटत नाहीये. मला बोलावते आहे, ताई या ना, आलं, आलं म्हणते. मी जाते आहे. तिला एकटी कशी सोडू? फरशीच्या फटी ओल्या झाल्यात. सगळ्या बाजूंनी. चढ आहे इथे, तरी तिच्याकडेच—